यंत्रे नंतर घ्या, आधी माणसे कायम करा

प्रति,
सचिव, वन, पर्यावरण, जलस्रोत आणि वित्त खाते,
गोवा सरकार, पर्वरी.
प्रत: गोवा राज्य जैवविविधता मंडळ.

विषय: म्हादईच्या खोऱ्यात घाटापासून खाडीपर्यंत दीर्घकालीन नोंदींची साखळी उभारणे.

महोदय,

गोव्याच्या रानात, ओहोळांत आणि खाजनांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनींत) मोजणीचे काम करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. मागणी एकच आहे. म्हादईच्या, म्हणजेच मांडवीच्या, खोऱ्यात पाच ठिकाणे कायमची निवडावीत, तिथे ठरावीक गोष्टी ठरावीक पद्धतीने किमान ३० वर्षे मोजाव्यात, आणि यासाठी जो पैसा निघेल त्यातला निम्म्याहून जास्त भाग नोंद घेणाऱ्यांच्या पगारासाठी बांधून ठेवावा. यंत्रांचा नंबर त्यानंतर.

खाणी २०१२ साली थांबल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने झाडे आडवी केली. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले आणि हेलिकॉप्टरमधून पाणी ओतायची वेळ आली. प्रत्येक वेळी लोकांनी साधेच प्रश्न विचारले. ओहोळातला गाळ कमी झाला का? पडलेल्या झाडाच्या जागी काय उगवले? जळालेल्या पट्ट्यात कुंभा तगेल, त्याची साल जाड. पण सावलीत वाढणाऱ्या पातळ सालीच्या रोपांचे काय झाले? या प्रश्नांना उत्तर द्यायचे तर घटनेच्या आधीचे मोजमाप हातात लागते. घटना घडून गेल्यावर कितीही मोठी समिती नेमली तरी ते मिळत नाही.

हे जमण्यासारखे आहे याचा दाखला गोव्यातच आहे. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून कांदोळीसमोरच्या समुद्रात ठरलेल्या जागी पाणी तपासत आली आहे. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, तिथे तळाच्या पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो. खोल समुद्रातून कमी प्राणवायूचे पाणी किनाऱ्याकडे चढते, त्याच्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर बसतो आणि खालच्याला हवा मिळेनाशी होते. या गोड्या पाण्यातला एक वाटा सत्तरीच्या डोंगरातून उतरतो. समुद्राच्या टोकाला नोंद आहे. डोंगराच्या टोकालाही त्याच चिकाटीची नोंद हवी, म्हणजे मधल्या गोष्टी एकमेकींशी जोडून वाचता येतील.

तमिळनाडूत मुदुमलाईला भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ साली ५० हेक्टरचा भूखंड आखला. तिथे १ सेंमीपेक्षा जाड प्रत्येक खोडाला क्रमांक आहे आणि मेलेल्या झाडांची मोजणी दरवर्षी होते. म्हणून वणव्याने किती मारली, हत्तींनी किती आणि दुष्काळाने किती, हे तिथे वेगवेगळे काढता येते. अमेरिकेत १९८० साली सहा ठिकाणांनी सुरू झालेले दीर्घकालीन नोंदींचे जाळे आज पंचवीसच्या वर गेले आहे. तिथे अनुदान सहा-सहा वर्षांचे असते आणि परीक्षण होऊन पुढे चालू राहते. आपल्याकडचा प्रकल्प साधारण तीन वर्षांचा. पहिले वर्ष परवानग्यांत आणि नेमणुकांत जाते, शेवटचे अहवालात, आणि धड मिळतो तो एक पावसाळा. एका पावसाळ्यावरून कोणी कल सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. लांब मालिकेतली सोयीची चार-पाच वर्षे कापून घेतली तर तीच मालिका कधी चढती दिसते, कधी उतरती.

आम्ही सुचवतो ती ठिकाणे अशी: चोर्ला घाटाखालचे सदाहरित रान, सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राय (देवराई), मोलेचे पानझडी रान, ताळगावचे पठार आणि चोडण बेटावरचे कांदळवन व त्याला लागून असलेले खाजन. मोलेचे पाणी खांडेपार नदीतून मांडवीलाच मिळते, म्हणून तेही याच खोऱ्यातले. ताळगावचा सडा निवडण्याचे कारण सोयीचे आहे: विद्यापीठ त्याच पठारावर आहे, आणि कातळावर पावसापुरत्या उगवणाऱ्या वनस्पती बघायला मुलांना बस भाड्याने घ्यावी लागत नाही. सोयीची जागा निवडणे हा शास्त्रात गुन्हा नाही. जी जागा वीस वर्षांनंतरही सहज गाठता येते तीच टिकते.

आता मोजायचे काय आणि कसे. सुरुवात पावसापासून करावी, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहे आणि सर्वांत जास्त घोटाळेही तिथेच होतात.

प्रत्येक ठिकाणी हवामान खात्याच्या नमुन्याचा साधा, हाताने वाचायचा पर्जन्यमापक हवाच. वाचन रोज सकाळी ८.३० ला. जवळचे झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर तो बसवायचा. रानात अशी मोकळी जागा मिळत नाही, म्हणून तो वनरक्षकाच्या चौकीच्या अंगणात बसतो आणि पाच वर्षांत शेजारचा काजू त्याच्यावर फांदी टाकतो. ती फांदी दरवर्षी मे महिन्यात छाटायची, आणि छाटल्याची तारीख वहीत लिहायची. स्वयंचलित यंत्र त्याच्या जोडीला ठेवा, त्याच्या जागी नको. या यंत्रात दोन कप्प्यांची पळी असते, ०.२ मिमी पाऊस साठला की ती उलटते आणि एक टिंब नोंदले जाते. ताशी १०० मिमीच्या सरीत ती तासाला ५०० वेळा, म्हणजे दर सात सेकंदांना एकदा उलटते. उलटत असताना पडणारे पाणी हिशेबाबाहेर जाते, म्हणून नेमका मुसळधार पाऊसच कमी नोंदला जातो. त्यात मुंग्या घर करतात, पाने नरसाळे बुजवतात आणि मग कोरडा जुलै छापून येतो. शेजारी हाताने वाचलेला आकडा असला की चूक त्याच आठवड्यात पकडता येते. ही चूक किरकोळ नसते. एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. वर्षाला ४,००० मिमी पावसात दहा टक्के चुकले तर हेक्टरी ४,००० घनमीटर पाणी कागदावरून नाहीसे होते. म्हादईच्या पाण्यावरून लवादापर्यंत गेलेल्या राज्याने एवढे पाणी कागदावर सांडू नये.

हाताच्या नोंदीचे दुखणे वेगळे. चवथीला माणूस घरी जातो. त्या दिवसांच्या रकान्यांत शून्य पडते आणि परतल्यावर साठलेले सगळे पाणी एका दिवसाच्या नावे चढते. पुढे कोणीतरी अतिवृष्टीच्या दिवसांची यादी काढतो आणि त्यात दरवर्षी चवथीनंतरचा एक दिवस येतो. यावर उपाय साधे आहेत. एका ठिकाणी दोन नोंदकर्ते, आळीपाळीने सुट्टी. शून्य फक्त पाऊस न पडल्यास. वाचन झाले नसेल तर रकाना कोरा ठेवून शेजारी कारण. साठलेले वाचन असेल तर "किती दिवसांचे" हे लिहिणे सक्तीचे. कोऱ्या रकान्याबद्दल कुणाला मेमो देऊ नका. मेमोच्या भीतीने भरलेला रकाना कोऱ्यापेक्षा वाईट.

ओहोळाचे पाणी मोजायला लहान प्रवाहावर ९० अंशांच्या कोनाची खाच असलेला बंधारा पुरतो. खाचेच्या तळापासून पाणी ३० सेंमी असेल तर सेकंदाला सुमारे ६८ लिटर वाहते, ३१ सेंमी असेल तर सुमारे ७४. एका सेंटिमीटरच्या चुकीला सहा लिटरची शिक्षा. म्हणून मोजपट्टीवरचे शेवाळ दर आठवड्याला घासायचे आणि पट्टीचा शून्य बिंदू जवळच्या पक्क्या कातळावरच्या खुणेशी वर्षातून एकदा ताडून पाहायचा. मोठ्या ओहोळावर बंधारा जुलैत टिकत नाही, दगडधोंडे त्याला घेऊन जातात. तिथे कातळाची अरुंद जागा शोधून पाण्याची उंची आणि प्रवाह यांचे कोष्टक बनवावे लागते. वेग पृष्ठापासून ०.६ खोलीवर मोजायचा. पुरात कोणी पाण्यात उतरायचे नाही. काठावरून तरंगती वस्तू सोडून पृष्ठावरचा वेग घ्यावा आणि त्याला ०.८५ ने गुणावे. अंदाज कच्चा असतो, पण माणूस शाबूत राहतो. पावसाळ्यानंतर तळ बदललेला असतो, म्हणून कोष्टक दरवर्षी नवे.

पाण्यात ठेवायच्या दाबमापकांबद्दल एक इशारा. स्वस्त दाबमापक पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजतो, आणि हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की पाणी १ सेंमी चढल्यासारखे दिसते. त्यासाठी तसाच दुसरा दाबमापक झाडावर, हवेत टांगलेला हवा. निविदेत नेमका हा दुसरा कापला जातो, कारण "एकाच ओहोळाला दोन कशाला".

रानात प्रत्येक ठिकाणी एक हेक्टरचा, १०० मीटर बाय १०० मीटरचा भूखंड आखावा आणि त्याचे २० बाय २० मीटरचे २५ चौकोन करावेत. उतारावर टेप जमिनीवर टाकून मोजले तर भूखंड लहान होतो. अंतर आडव्या पातळीत धरायचे. कोपऱ्यांना लोखंडी सळया, आणि त्या चोरीला जाणार हे गृहीत धरून प्रत्येक कोपऱ्यापासून जवळच्या तीन झाडांची दिशा आणि अंतर लिहून ठेवायचे. दाट रानाखाली जीपीएस पाच-दहा मीटर सहज चुकतो, त्याच्या भरवशावर कोपरा पुन्हा सापडत नाही. जांभ्यात सळई ठोकून जात नाही, भोक पाडावे लागते; त्यासाठीचा वेळ वेळापत्रकात धरा.

झाड मोजायचे ते जमिनीपासून १.३ मीटरवर, उतारावर वरच्या बाजूने, आणि १० सेंमी व्यासाच्या वरचे प्रत्येक. व्यास १० सेंमी म्हणजे घेर ३१.४ सेंमी. एका वर्षी घेर आणि पुढच्या वर्षी व्यास लिहिल्यामुळे वाया गेलेल्या वह्या थोड्या नाहीत, म्हणून पत्रकाच्या माथ्यावर एकच शब्द छापावा आणि टेपही एकाच प्रकारचा घ्यावा. जिथे टेप लावला तिथे रंगाची रेघ ओढायची. रानातले झाड वर्षाला काही मिलिमीटरच जाड होते. टेप दोन बोटे वर-खाली झाला तर झाड आकसल्याची नोंद होते. बुंध्याला फळीसारखी मुळे असतील तर ती संपतात त्याच्या ५० सेंमी वर मोजायचे आणि ती उंची लिहायची. क्रमांकाचा बिल्ला अ‍ॅल्युमिनियमचा, खिळाही अ‍ॅल्युमिनियमचा, आणि तो रेघेपासून ३० सेंमी वर. खिळ्याभोवती साल सुजते आणि रेघेजवळ असेल तर ती सूज वाढ म्हणून मोजली जाते. खिळा पूर्ण ठोकायचा नाही, दोन-तीन सेंमी बाहेर ठेवायचा, नाहीतर दहा वर्षांत झाड बिल्ला गिळते. प्लास्टिकचे बिल्ले वणव्यात जातात.

निरंकाराच्या रायीत मात्र एकही खिळा नको. ती जागा देवाची आहे आणि तिथे काय करायचे ते गावकऱ्यांना विचारून ठरेल. भूखंडाच्या कोपऱ्यापासून आडवे-उभे अंतर घेऊन प्रत्येक झाड नकाशावर मांडता येते, आणि त्या पाणथळ जागेत जायफळाच्या कुळातली झाडे इतकी मोजकी आहेत की हे अवघडही नाही. फक्त तिथे चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांवर पाय पडता कामा नये. ये-जा ठरलेल्या एकाच वाटेने, लाकडी फळ्यांवरून.

झाडांची मोजणी नोव्हेंबर-डिसेंबरात व्हावी. वाटा मोकळ्या झालेल्या असतात, किंदळ आणि नाणा यांच्या अंगावर पाने असतात म्हणून ओळख पटते. उन्हाळ्यावर ढकलू नये, याचे आणखी एक कारण गोचिडांतून पसरणारा माकडताप. सत्तरीत २०१५ पासून त्याचे रुग्ण सापडले आहेत आणि गोचिडांची लहान पिल्ले कोरड्या महिन्यांत पाचोळ्यात भरपूर असतात. पूर्ण बाह्या, मोज्यांत खोवलेल्या विजारी, गोचीडरोधक तेल, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे उकळणे, हे सगळे कामाच्या वेळेत धरावे. माकड मेलेले दिसले की त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवून मोजणी थांबवायची.

भूखंडाला कुंपण घालू नका. भोवतालच्या रानात गावचे लोक सरपण नेत असतील तर भूखंडातूनही नेऊ दे. रान जसे आहे तसे मोजायचे आहे. पण जाळरेषा काढणाऱ्यांना आणि रोपे लावणाऱ्यांना नकाशा द्या. वनमहोत्सवाची ४०० रोपे चुकून भूखंडात लागली तर मागची सगळी वर्षे गेली.

चोडणला काम वेगळे. कांदळवनातली जमीन समुद्राबरोबर वर चढते आहे की मागे पडते आहे, हा तिथला खरा प्रश्न, आणि फरक वर्षाला काही मिलिमीटरांचा. त्यासाठी स्टीलची सळई चिखलात पुढे जाईनाशी होईपर्यंत ठोकतात, तिच्यावर दर वेळी तीच आडवी भुजा बसवतात आणि चार दिशांना नऊ-नऊ, अशा ३६ सुया जमिनीला टेकवून त्यांची उंची वाचतात. शेजारी पांढऱ्या फेल्डस्पार भुकटीचा थर पसरून ठेवला की त्याच्यावर किती गाळ बसला तेही कळते. अडचण कुर्ल्यांची: त्या भुकटी उकरून मिसळून टाकतात, म्हणून थर एक नव्हे, तीन ठिकाणी. सुई बिळात गेली तर आकडा लिहायचा आणि पुढे "बीळ" लिहायचे, बाजूला सरकवायची नाही. आणि सळईच्या आसपास चिखलात एकदाही पाय ठेवायचा नाही. एका पावलाने जमीन जितकी दबते तितकी समुद्रपातळी वर्षभरातही वाढत नाही. फळ्यांचा मचाण बांधून झाल्यावर काही महिने जमीन निवळू द्यावी, मगच पहिले वाचन. पुढे वर्षातून दोनदा, शक्यतो त्याच माणसाच्या हातून.

खाजनातल्या पाण्याचा खारेपणा महिन्यातून दोनदा, एकदा उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि एकदा भांगाला (लहान भरतीला). मानशीच्या (बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दारांच्या) आत आणि बाहेर, पृष्ठावर आणि तळाशी, असे चार नमुने. पावसाळ्यात वर गोडे आणि तळाला खारे पाणी असते. फक्त वरचे बादलीभर घेतले तर खाजन गोडे झाल्याचा आनंद होतो. वेळ आणि भरती होऊन किती तास झाले हे नसेल तर तो आकडा टाकून द्यावा. मानशीची दारे कधी उघडी-बंद होती, बांध कुठे फुटला, कोरगुट भात किती जमिनीत पेरले, हे शेतकऱ्यांना विचारून त्याच पत्रकात लिहायचे. मानशीचा लिलाव घेणाऱ्याला मासळीसाठी दार जास्त वेळ उघडे ठेवावेसे वाटते. भातवाल्याला बंद हवे असते. ही ओढाताण नोंदीत आली नाही तर खारेपणाचा आलेख वाचता येणार नाही.

राहिली नोंदींची निगा. वही पेन्सिलने लिहायची, शाई पावसात पसरते. त्याच संध्याकाळी पानाचा फोटो. मूळ आकडा कधीही खोडायचा नाही. दुरुस्ती वेगळ्या रकान्यात, कोणी आणि का केली यासह. झाडांची शास्त्रीय नावे दर काही वर्षांनी बदलतात, म्हणून प्रत्येक जातीचा वाळवलेला नमुना विद्यापीठाच्या संग्रहात क्रमांकासह ठेवावा. पद्धत किंवा यंत्र बदलायचे असेल तर जुने आणि नवे एक पूर्ण वर्ष शेजारी-शेजारी चालवायचे. हा नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला "सुधारणा" केल्याचे समाधान मिळते आणि मालिकेचे दोन तुकडे होतात. सर्व आकडे दोन वर्षांनी सर्वांसाठी खुले व्हावेत, दुर्मिळ आमरींच्या (ऑर्किडच्या) जागा आणि वाघांच्या कॅमेऱ्यांची ठिकाणे सोडून. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला मात्र आपल्या गावचे आकडे त्याच वर्षी, मराठीत आणि कोकणीत, मिळायला हवेत.

आता माणसे. प्रत्येक ठिकाणी दोन स्थानिक नोंदकर्ते, सगळ्यांना मिळून एक वनस्पतितज्ज्ञ, एक यंत्रे सांभाळणारा आणि एक नोंदी सांभाळणारा. तेरा पदे. ही पदे ११ महिन्यांच्या करारावर भरू नका. करारातला खंड जूनमध्ये आला की त्या वर्षीचा पावसाळा हातचा गेला, आणि गावातला जो मुलगा पाचशे झाडे पानांवरून ओळखायला शिकला तो हॉटेलच्या नोकरीला लागतो. आजवर या कामात मालिका तुटलेल्या आम्ही पाहिल्या त्या बहुतेक पगार थकल्याने किंवा परवानगीची मुदत संपल्याने. यंत्र बिघडून तुटलेल्या थोड्या. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून महागडे यंत्र येते आणि पुढच्या वर्षी त्याच्या बॅटरीसाठी खर्चाचे शीर्ष नसते, हेही नेहमीचेच. वित्त खात्याने एकरकमी ठेव ठेवून तिच्या व्याजातून ही पदे चालवावीत. वन खात्याने अभयारण्यांतल्या मोजणीची परवानगी व्यक्तीच्या नव्हे, पदाच्या नावे आणि दहा वर्षांसाठी द्यावी. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१५ साली दीर्घकालीन परिसर-वेधशाळांचा कार्यक्रम जाहीर केला, त्यात पश्चिम घाट आहेच. आपली पत्रके त्याच्याशी जुळतील अशी आखली तर आकडे पुढे एकत्र वाचता येतील.

पाचही ठिकाणी भूखंड आखायला एक कोरडा हंगाम लागेल. पण पर्जन्यमापक आणि नोंदकर्ते यांना थांबायची गरज नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाच साधे पर्जन्यमापक बसवून दहा माणसांना दोन दिवसांचे शिक्षण देता येते. पत्रकांचे नमुने, भूखंडाचे आराखडे आणि सुट्या भागांची यादी आमच्याकडे तयार आहे. चारही खात्यांनी एकत्र बसून तासभर दिला तर ती घेऊन आम्ही पर्वरीला येऊ.

आपले,
गोव्यात परिसर-मोजणीचे काम करणारे काही जण